बट्टा

ही गोष्ट रचलेली आहे. तिच्यातली नाणी, त्यांचे दर आणि कायदा मात्र खरे आहेत. माणसं अमेरिकेतली, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका गिरणीच्या गावातली, आणि काळ १८५० नंतरचा.

त्या काळी अमेरिकेत दुकानदाराकडे सुटे मागितले, की हातावर बहुधा स्पेनच्या राजाचं तोंड पडायचं. मेक्सिको, लिमा, पोतोसी इथल्या टाकसाळींत पाडलेले स्पॅनिश रेआल तिथे सर्रास चालत. आठ रेआलांचा एक डॉलर, म्हणजे दोन रेआलांचं नाणं ही डॉलरची पावली. १७९३ च्या कायद्याने स्पॅनिश डॉलरला रीतसर चलन म्हणून मान्यताही दिलेली होती. फिलाडेल्फियाला अमेरिकेची स्वतःची टाकसाळ होती, पण तिची चांदीची नाणी गरजेला कधी पुरली नाहीत. त्यात १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, सोन्याच्या मानाने चांदी महाग झाली आणि पूर्ण वजनाची अमेरिकन नाणी वितळवणाऱ्यांनी नि परदेशी माल पाठवणाऱ्यांनी उचलून नेली. बाजारात उरली ती झिजलेली स्पॅनिश पावली. तिच्यात वितळवण्याजोगं काही शिल्लक नव्हतं, म्हणूनच ती शिल्लक राहिली. मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला, म्हणजे तिथली स्पेनच्या राजाची सगळ्यांत तरुण पावलीसुद्धा आता तिशी ओलांडून गेलेली. राजाचं नाक गेलेलं, केस गेलेले, कडेची लॅटिन अक्षरं बोटाला लागतील पण डोळ्यांना दिसणार नाहीत. पाडताना पावणेसात ग्रॅम भरणारं ते नाणं आता किती भरतं, हे कुणी विचारत नसे. सगळे पंचवीस सेंटांना घेत म्हणून सगळे पंचवीस सेंटांना देत.

तर त्या गावात एक औषधवाला होता. त्याचा स्वतःचा पोटाचा काढा होता. कडू, तपकिरी, आणि निम्म्याहून अधिक दारू. बाटली पंचवीस सेंटांना. काढा वाईट नव्हता, म्हणजे त्याने कुणी मेलं नव्हतं. औषधवाल्याची तक्रार एवढीच होती, की वर्तमानपत्रात दर आठवड्याला पैसे मोजून जाहिरात द्यायची आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी त्या कागदाने चूल पेटवायची. एके रात्री गल्ला मोजताना त्याच्या मनात आलं, की कागद लोक जाळतात, पण पावली कुणी जाळत नाही. ती या हातातून त्या हातात जातच राहते, आणि राजाचं तोंड झिजल्यामुळे तिच्यावर एक बाजू कोरी पडलेली आहे.

ही कल्पना काही त्याची एकट्याची नव्हती. बाल्टिमोरच्या हाउक नावाच्या माणसाने आपल्या सर्वरोगहारी औषधाचं नाव नाण्यांवर ठोकून ठेवलं होतं. पुढे कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या पोलहेमस या औषधविक्रेत्याने तर दुकानाचा रस्ता आणि कोपरासुद्धा नाण्यावर घातला. न्यू हॅम्पशायरमध्येच पिट्सफील्ड गावच्या विल्किन्स या दातांच्या डॉक्टराने आपलं नाव इतक्या नाण्यांवर उमटवलं, की आजच्या संग्राहकांना ती सहज सापडतात. जाहिरातीचा हा सगळ्यांत स्वस्त मार्ग होता आणि कायदा त्याच्या आड येत नव्हता.

औषधवाला गावातल्या बंदूक घडवणाऱ्या कारागिराकडे गेला. आपलं नाव आणि खाली ‘चा काढा’, असा अखंड ठसा पोलादात कोरून द्या म्हणाला. बंदूकवाल्याने कागदावरची अक्षरं पाहिली, किती खोल हवीत ते विचारलं, आणि मग आणखी एक गोष्ट विचारली.

“मी बंदुकीच्या चापावर माझं नाव ठोकतो. नळी फुटली तर लोक ते नाव वाचतात आणि माझ्या दारात येतात. तुमचं नाव वाचून कशासाठी येतील?”

“काढ्यासाठी,” औषधवाला हसून म्हणाला.

बंदूकवाल्याने ठसा करून दिला. चांगला करून दिला. वाईट काम त्याला येत नव्हतं.

त्यानंतर दुकान बंद झालं की मागच्या खोलीत काम सुरू व्हायचं. हाताखालचा पोरगा पावली ऐरणीवर ठेवायचा, झिजकी बाजू वर. औषधवाला तिच्यावर ठसा उभा धरायचा आणि हातोड्याचा एकच घाव घालायचा. एकच, कारण दुसरा घातला तर अक्षरं दुहेरी उमटतात. वरच्या बाजूला नाव खोल बसे आणि पालथ्या बाजूला त्याच जागी नाणं सपाट होई. स्पेनच्या ढालीवरचे सिंह आणि किल्ले जे काय उरले असतील ते तिथे पुसले जात. दिवसभर गल्ल्यात आलेली प्रत्येक पावली दुसऱ्या दिवशी औषधवाल्याचं नाव घेऊन बाहेर पडायची. खाटकाकडे, चर्चच्या थाळीत, गिरणीच्या पगारात, बॉस्टनला जाणाऱ्या गाडीच्या तिकिटात.

काढ्याचा खप वाढला. शेजारच्या गावांतून लोक विचारत येऊ लागले. इथपर्यंत सगळं ठीकच होतं.

पण एक गोष्ट अशी घडली, की जिचा विचार औषधवाल्याने केला नव्हता. बाजारात खोट्या पावल्याही फिरत, शिशाच्या, कथलाच्या, वरून नुसता चांदीचा मुलामा दिलेल्या. दुकानदार दगडावर आपटून आवाज ऐकत, दाताखाली धरून बघत. हळूहळू लोकांना वाटू लागलं, की औषधवाल्याचा ठसा ज्या पावलीवर आहे ती निदान एका शहाण्या माणसाने पारखलेली आहे. आपल्याकडे सराफ रुपया पारखून त्यावर बारीक खूण ठोकत, आणि ती खूण पाहून पेठेतला दुसरा सराफ रुपया न कसता घेई. न्यू यॉर्कला एफ्रेम ब्रॅशर हा सोनार परदेशी सोन्याची नाणी तपासून त्यांच्यावर आपल्या नावाची दोन आद्याक्षरं उमटवायचा, ती याच अर्थाने. औषधवाल्याने असलं काही तपासलं नव्हतं. त्याचा ठसा पारखीचा नव्हताच, काढ्याचा होता. पण लोकांना ठसा आणि ठसा यांत फरक दिसेना.

गिरणीतल्या मुलींसाठी बोर्डिंग चालवणारी एक बाई होती. एकदा ती काउंटरवर म्हणाली, “मी तर मुलींकडून तुमच्या ठशाचीच पावली घेते. मनाला घोर राहत नाही.”

त्या वेळी औषधवाल्याला एक वाक्य बोलता आलं असतं. बाई, मी नाणी पारखत नाही, फक्त जाहिरात करतो, एवढंच. तो म्हणाला, “तुमचा विश्वास आहे, आम्हाला आणखी काय हवं!” आणि काढ्याची बाटली कागदात गुंडाळून दिली.

माझ्या मते गोष्टीतला गुन्हा, गुन्हा म्हणायचा तर, इथे घडला. ठसा ठोकण्यात काही वावगं नव्हतं. न दिलेल्या हमीचा मान मुकाट्याने खिशात घातला, ते वावगं. आणि त्या मानावर त्याचं दुकान पुढे चार वर्षं उत्तम चाललं.

बाई दर आठवड्याला थोड्या पावल्या बाजूला टाकी. कापडी पिशवीत ऐंशी जमल्या होत्या. सगळ्या ठशाच्या. वीस डॉलर.

१८५३ मध्ये सरकारने चांदीच्या छोट्या नाण्यांचं वजन कमी केलं, त्यामुळे ती वितळवण्यात फायदा उरला नाही आणि नवी कोरी अमेरिकन पावली हळूहळू लोकांच्या हाती येऊ लागली. तिच्या शेजारी स्पॅनिश पावली ठेवली की झीज डोळ्यांत भरे. तरी सवयीने ती चालत राहिली. मग २१ फेब्रुवारी १८५७ ला वॉशिंग्टनला कायदा झाला. परदेशी नाण्यांची मान्यता संपली. सरकारी खजिन्यात आणि टपालकचेरीत स्पॅनिश पावली यापुढे वीस सेंटांना घेतली जाईल, एक रेआलाचं नाणं दहाला, अर्ध्याचं पाचला. आणि एकदा आत आलेलं नाणं पुन्हा बाहेर जाणार नाही, वितळवायला जाईल. टपालकचेरीच्या दारावर कागद लागला, त्याच संध्याकाळी खाटकाने दर बदलला. पावलीला पाच सेंट बट्टा.

दुसऱ्या दिवशी बाई पिशवी घेऊन औषधाच्या दुकानात आली. तिच्या मागे आणखी पाचसात जण होते. कुणी बोलावून आणलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या पावलीवर पत्ता लिहिलेलाच होता.

“या तुमच्या,” बाई म्हणाली.

“माझ्या कशा? तोंड स्पेनच्या राजाचं आहे.”

“तोंड कुणाला दिसतंय? नाव तेवढं दिसतं.”

औषधवाला समजुतीच्या सुरात बोलू लागला. नाणं पाडलं मेक्सिकोने, दर पाडला वॉशिंग्टनने, झिजवलं गावाने. मी त्यावर चार अक्षरं लिहिली, कुणाला वचन दिलं नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वकील असता तर खटला जिंकला असता.

बाईने सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी त्याच्यापुढे सरकवली. “मग असं करा, तुमचं नाव यांच्यावरून काढून द्या. मी घेऊन जाते.”

यावर औषधवाल्याला बोलता येईना. अखेर तो म्हणाला, की गावाच्या प्रेमाखातर मी माझ्या ठशाची प्रत्येक पावली टपालकचेरीच्या दराने, म्हणजे वीस सेंटांना परत घेईन. टपालवाले रांगेत उभं करतात, मी करणार नाही. पुष्कळांनी दिल्या. हा निदान परत घेतोय, म्हणून काहींनी आभारही मानले. बाईने पिशवी उचलली आणि घरी नेली.

आता त्या कायद्यातलं पुढचं कलम सांगायला हवं. टपालकचेरीच्या दारावर ते लागलं नव्हतं, वर्तमानपत्रात आलं होतं. तांब्याचे जुने मोठे सेंट बंद करून तांबं आणि निकेल यांचा छोटा सेंट काढायचं सरकारने ठरवलं होतं, आणि तो लोकांत लवकर पसरावा म्हणून दोन वर्षांची सवलत ठेवली होती. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत जो कुणी स्पॅनिश पावली आणून देईल त्याला तिच्या बदल्यात नवे सेंट पूर्ण पंचवीस मिळतील. जी पावली गावात वीसची होती ती टाकसाळीच्या दारात अजून पंचवीसची होती. औषधवाला वर्तमानपत्र रोज वाचायचा. स्वतःची जाहिरात नीट छापली आहे का ते बघायला का होईना, वाचायचा.

बंदूकवालाही वाचायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर तो दरसाल फिलाडेल्फियाला नळ्या आणि सुटे भाग आणायला जाई. या खेपेला निघताना तो बोर्डिंगवर गेला, बाईला कलम वाचून दाखवलं आणि पिशवी मागून घेतली.

२५ मे १८५७ ला नवे सेंट द्यायला सुरुवात झाली. टाकसाळीच्या आवारात त्यासाठी लाकडी मांडव उभारला होता. दोन रांगा लागल्या, एक जुन्या तांब्याच्या सेंटांची, दुसरी स्पॅनिश चांदीची. बायका, पोरं, हमाल, दलाल, प्रत्येकाच्या हातात काहीतरी जड. पहिल्या दिवसांत बाहेर रस्त्यावर नव्या सेंटांना चढा भाव मिळत होता, त्यामुळे दलाल जास्त. चांदीच्या रांगेत बंदूकवाल्याच्या पुढे दोन माणसं सोडून ओळखीची पाठ होती. पायाशी पट्ट्या मारलेली लाकडी पेटी.

पेटी उघडून काउंटरवर ओतली गेली. कारकून पावल्यांच्या चळती लावू लागला. दहा लावल्या, वीस लावल्या, आणि त्याचा हात थांबला. प्रत्येक नाण्यावर तेच नाव. त्याने एक उजेडाकडे धरली, मोठ्याने वाचली आणि हसला. शेजारच्या कारकुनालाही दाखवली.

“हे कोण महाशय?” त्याने विचारलं. सहज विचारलं, त्याला काही शोधून काढायचं नव्हतं.

काही वर्षं त्या माणसाने आपलं नाव देशभर पोचावं म्हणून रोज रात्री हातोडा मारला होता. आता ते टाकसाळीपर्यंत पोचलं होतं, सरकारचा माणूस ते खणखणीत आवाजात वाचत होता आणि मांडवभर लोक ऐकत होते.

“माहीत नाही,” औषधवाला म्हणाला. “गावाकडे कुणीतरी असेल.”

त्याने सेंट घेतले, पेटी बंद केली, वळला, आणि त्याला बंदूकवाला दिसला. बंदूकवाल्याने टोपीला हात लावला. दोघं काही बोलले नाहीत.

ऐंशी पावल्यांचे दोन हजार सेंट होतात, आणि दोन हजार नव्या सेंटांचं वजन नऊ किलोंच्या वर भरतं. बंदूकवाल्याने ते ओझं नळ्यांबरोबर गावी आणलं आणि बोर्डिंगच्या टेबलावर ठेवलं. नाण्यावर उडता गरुड होता. मुली भोवती जमल्या. बाईने दोनदा मोजले. पूर्ण वीस डॉलर.

मग तिने विचारलं, “तिथे पंचवीस मिळतात हे औषधवाल्याला ठाऊक नसेल का हो?”

“रांगेत माझ्या पुढेच होता,” बंदूकवाला म्हणाला.

एवढंच सांगितलं. काउंटरवर काय बोलणं झालं ते त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. बरंच नंतर, कुणी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तोवर त्याची गरज उरली नव्हती.

गावात आरडाओरडा झाला नाही. कुणी खटला भरला नाही, भरला असता तर हरले असते. सरकारने पावलीवर स्वतःचं काही लिहिलेलं नसताना पंचवीस दिले, आणि ज्याचं नाव लिहिलेलं होतं त्याने वीस देऊन वरचे पाच पेटीत घातले, हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरी केला. त्यानंतरचं पहिलं गिऱ्हाईक गिरणीतली एक मुलगी होती. तिने काढ्याची बाटली मागितली आणि काउंटरवर वीस सेंट ठेवले.

“पंचवीस,” औषधवाला म्हणाला.

“बाटलीवर तुमचं नाव आहे ना?” तिने विचारलं. “मग वीस.”

त्याने बाटली परत फळीवर ठेवली. ती पैसे उचलून गेली. दुसऱ्या दिवशी दोघांनी तेच केलं. आठवड्याभरात गावात काढ्याचा दर वीस सेंट पडला आणि त्याहून जास्त द्यायला कुणी तयार होईना. बाहेरगावचा माणूस पंचवीस ठेवायचा, पण दुकानात गावचं कुणी उभं असलं तर ते त्याच्या कानाशी लागे.

पेटीतले सेंट हे आणखी एक दुखणं झालं. चढा भाव मिळेल म्हणून त्याने ते ताबडतोब खर्चले नव्हते. पण टाकसाळीने छोटे सेंट इतके पाडले, की वर्षदोन वर्षांत दुकानादुकानांत त्यांचे ढीग झाले. तेव्हा सेंट हे कायद्याने सक्तीचं चलन नव्हतं; तो मान त्याला १८६४ मध्ये मिळाला. घेणाऱ्याच्या मनात नसेल तर तो सरळ नको म्हणू शकत होता. बॉस्टनच्या घाऊक व्यापाऱ्याने मद्यार्काच्या पिंपांच्या बदल्यात ओंजळभर सेंट घ्यायला नकार दिला. बोर्डिंगवालीचे सेंट केव्हाच दुधात, पिठात आणि मुलींच्या सुट्ट्यात संपले होते. औषधवाल्याची पेटी मागच्या खोलीत ऐरणीशेजारी पडून राहिली, पोराला ती झाडू मारताना सरकवताही येईना.

एका संध्याकाळी तो ठसा घेऊन बंदूकवाल्याकडे गेला. हा मोडून टाका म्हणाला.

बंदूकवाल्याने ठसा भट्टीत घातला, लाल केला आणि दोन घावांत अक्षरं चेपून टाकली. “याचं झालं,” तो म्हणाला. “बाहेर फिरताहेत त्यांचं मला काही करता येणार नाही.”

“ठाऊक आहे,” औषधवाला म्हणाला.

त्या पावल्या येतच राहिल्या. मेनमधून एक आली, न्यू यॉर्कहून एक कुणीतरी टपालाने पाठवली, सोबत चिठ्ठी, की नाव तुमचं आहे, काय देता? पहिल्या दोनतीन त्याने न बघता ड्रॉवरमध्ये टाकल्या. पुढची एक घेऊन गिरणीतलाच एक म्हातारा विणकर आला. तो कायदा वगैरे काही बोलला नाही, पावली फक्त काउंटरवर ठेवली. औषधवाल्याने ती उचलली, पालथी केली, स्वतःच्या हातोड्याने सपाट झालेली जागा पाहिली, आणि गल्ल्यातून पंचवीस सेंट मोजून दिले. त्यानंतर जो कुणी आला त्याला त्याने पंचवीसच दिले. ज्यांच्याकडून वीसला घेतल्या होत्या त्यांतले जे आठवले त्यांच्या घरी पोरासोबत पाच-पाच सेंट पाठवले. तिसऱ्या वर्षापर्यंत पेटी रिकामी झाली.

काढ्याचा दर मात्र वर चढला नाही. १८६० मध्ये त्याने बाटलीच्या नव्या चिठ्ठ्या छापून घेतल्या, त्यांवर किंमत वीस सेंट अशीच होती.